आधी वाटा वाचा, मग कौल

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका गृहस्थांनी तीन प्रश्न एकदम विचारले आहेत. पहिला: २०१६ च्या न्यूयॉर्कच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) मतदान संपताच आलेल्या एक्झिट पोलमध्ये हिलरी क्लिंटन ५२, बर्नी सँडर्स ४८ असं दिसत होतं, प्रत्यक्षात ५८-४२ निघालं. त्यांचा मुलगा अजूनही म्हणतो की मोजणीत गडबड झाली, तर त्याला काय सांगायचं? दुसरा: प्रायमरीला मतटक्का वाढला की तो पक्ष नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत जिंकतो, हे कितपत खरं? तिसरा: "भारतीयांनी अमक्याला इतके टक्के मतं दिली" असे आकडे प्रायमरीच्या दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर फिरतात, ते येतात कुठून?

मी गेली पंधरा-सोळा वर्षं निवडणुकीच्या रात्री आकडे लावणाऱ्या टेबलावर बसतो, आणि त्याआधी एकदा भर थंडीत मतदान केंद्राबाहेर प्रश्नपत्रिका घेऊन उभाही राहिलो आहे. दोन्हीकडून पाहिल्यावर एक सवय लागली, ती आधी सांगतो. एक्झिट पोलच्या तक्त्यात प्रत्येक ओळीत दोन वेगळ्या गोष्टी असतात. आलेल्या मतदारांत त्या गटाचा वाटा किती, ही एक. त्या गटाने कौल कोणाला दिला, ही दुसरी. टीव्हीवर कौल दाखवतात: महिलांमध्ये अमकी पुढे, तरुणांमध्ये तमका पुढे. मी आधी वाटा वाचतो. प्रायमरीत निकाल बहुतेक वेळा तिथेच दडलेला असतो.

उदाहरण जुनं आहे, पण याच्याइतकं स्वच्छ दुसरं मला सापडलेलं नाही. २२ फेब्रुवारी २०००, मिशिगनची रिपब्लिकन प्रायमरी, जॉर्ज डब्ल्यू. बुश विरुद्ध जॉन मॅकेन. मिशिगनमध्ये मतदार नोंदणीत पक्ष लिहीतच नाहीत. कोणीही यावं आणि हव्या त्या पक्षाची मतपत्रिका मागावी. डेमोक्रॅट्सची त्या दिवशी तिथे झुंज नव्हती, त्यामुळे त्यांचे लोकही मोकळेच होते. एक्झिट पोलने दाखवलं की रिपब्लिकन पक्षाच्या या प्रायमरीला आलेल्यांत स्वतःला रिपब्लिकन म्हणवणारे होते अवघे ४८ टक्के. कुठल्याच पक्षाचे नसलेले ३५ टक्के, आणि चक्क डेमोक्रॅट १७ टक्के. रिपब्लिकनांत बुश ६६-२९ असे पुढे. मधल्यांत मॅकेन ६७-२६, डेमोक्रॅटांत मॅकेन ८२-१०.

आता कागद घ्या. मॅकेनना ४८ मधले २९ टक्के, म्हणजे १४ च्या आसपास. ३५ मधले ६७ टक्के, म्हणजे साडेतेवीस. १७ मधले ८२ टक्के, म्हणजे पुन्हा १४. बेरीज ५१. प्रत्यक्षातही मॅकेनना ५१ टक्केच मिळाले, बुशना ४३. आता कौल तसाच ठेवा आणि फक्त वाटा बदला: समजा रिपब्लिकन ७० टक्के आले असते, मधले २५ आणि डेमोक्रॅट ५. तीच बेरीज पुन्हा केली की मॅकेन ४१ वर येतात आणि बुश ५३ वर जातात. एकाही माणसाने मत बदललेलं नाही, तरी निकाल उलटला.

त्या रात्री ज्यांनी फक्त "५१-४३" वाचलं त्यांना मॅकेन यांची लाट दिसली. ज्यांनी ४८ हा आकडा वाचला त्यांना दिसलं की पक्षाच्या घरच्या मतदारांत बुश दुपटीहून पुढे आहेत, आणि पुढची सगळी राज्यं काही मिशिगनसारखी सताड उघडी नाहीत. ७ मार्चला कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क आणि ओहायो बुशनी घेतली. ९ मार्चला मॅकेननी प्रचार थांबवला.

२०२४ मध्ये न्यू हॅम्पशायरला निकी हेली यांचं असंच झालं. ४३ टक्के मतं म्हणजे आकडा घसघशीत. पण तिथे पक्षाशिवाय नोंदलेल्या मतदाराला त्या दिवशी कोणतीही मतपत्रिका घेता येते आणि अशांचा वाटा भरपूर होता. स्वतःला रिपब्लिकन म्हणवणाऱ्यांत ट्रम्प तीन-चतुर्थांशाच्या आसपास होते. महिन्याभराने हेली स्वतःच्या साउथ कॅरोलायनात वीस टक्क्यांनी हरल्या.

इथे राज्यागणिक दाराला वेगळी कडी आहे. न्यूयॉर्कचं दार तेव्हा इतकं घट्ट होतं की १९ एप्रिल २०१६ ला डेमोक्रॅटिक प्रायमरीत मत द्यायचं तर दुसऱ्या पक्षातून किंवा बिनपक्षातून नाव बदलून घेण्याची मुदत आदल्या ऑक्टोबरच्या ९ तारखेला संपली होती. सहा महिने आधी! म्हणून त्याच वर्षीचा न्यू हॅम्पशायरचा एक्झिट पोल आणि न्यूयॉर्कचा एक्झिट पोल शेजारी ठेवून "सँडर्स यांची हवा ओसरली" असं म्हणणं म्हणजे गावजेवण आणि निमंत्रितांची पंगत यांची गर्दी तोलण्यासारखं आहे.

आपल्याला भारतातल्या एक्झिट पोलची सवय असते, त्यामुळेही घोटाळा होतो. तिकडे एक्झिट पोल म्हणजे जागांचा आकडा. शेवटच्या टप्प्याचं मतदान संपल्यावर अर्धा तास होईपर्यंत लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६अ प्रमाणे तो दाखवताच येत नाही. मग निकालापर्यंतचे दोन-तीन दिवस सगळे त्या आकड्यावर तुटून पडतात, आणि २०२४ सारखं साडेतीनशेच्या वर सांगितलेलं प्रत्यक्षात २९३ वर आलं की सर्वेक्षणवाल्यांना शिव्या. अमेरिकेत मतदान संपल्यापासून मोजणी सुरू व्हायला मिनिटं लागतात. एक्झिट पोलचं मुख्य काम "कोण जिंकलं" हे सांगणं नाहीच. ते मतपेटी सांगणारच आहे. कोण आले होते आणि त्यांच्या मनात काय होतं, हे मतपेटी सांगत नाही. त्यासाठी हा सगळा खटाटोप.

आता तो खटाटोप जवळून कसा दिसतो ते सांगतो, म्हणजे न्यूयॉर्कचं उत्तर अर्धं आपोआप मिळेल.

१२ फेब्रुवारी २००८. व्हर्जिनिया, मेरीलँड आणि वॉशिंग्टन डीसी, तिन्हीकडे एकाच दिवशी मतदान. मी तेव्हा शिकत होतो, दिवसाचे पैसे मिळतात म्हणून नाव दिलं होतं. उत्तर व्हर्जिनियातली एक शाळा, गळ्यात ओळखपत्र, हातात पाठपोट छापलेल्या प्रश्नपत्रिकांचं पॅड आणि शेजारी पुठ्ठ्याची पेटी. मतदाराने चौकटींत खुणा करायच्या, कागद दुमडायचा, पेटीत टाकायचा. त्याने काय भरलं ते मी बघायचं नाही. नियम एकच: बाहेर पडणारा दर पाचवा माणूस थांबवायचा. पाचवा म्हणजे पाचवाच.

ऐकायला सोपं आहे. सकाळी साडेनऊच्या सुमाराला पाचवे आले एक आजोबा, कठड्याला धरून एकेक पायरी उतरत. मी पुढे झालो, त्यांनी हात हलवला आणि गाडीकडे गेले. त्यांच्या मागोमाग कॉलेजमधली एक मुलगी, छातीवर मतदान केल्याचं स्टिकर, आपणहून विचारते, "मी भरू का?" नियमाप्रमाणे उत्तर "नाही". आजोबांच्या नावाने वेगळ्या कागदावर नकाराची रेघ मारायची. पुरुष, साठीच्या पुढचे, गोरे, एवढं डोळ्यांनी बघून लिहायचं. आणि पुन्हा एकपासून मोजायला लागायचं. मी त्या मुलीला नाही म्हटलं. पण दुपारी, बोटं बधिर झाल्यावर आणि लागोपाठ चार नकार पडल्यावर, अशाच एका हसतमुख सहाव्या माणसाला मी कागद दिला. दिला तो दिला. त्या दिवशी राज्यभर माझ्यासारखे किती जण उभे होते आणि त्यातल्या किती जणांनी एकदा तरी असं केलं असेल, याचा विचार टेबलावर बसल्यावर दरवेळी मनात येतो.

केंद्रावरच्या अधिकाऱ्याने मला दारापासून हटवून पार्किंगच्या कोपऱ्यावर उभं केलं होतं. तिथून निम्मे लोक दुसऱ्या बाजूने निघून जायचे. संध्याकाळी गोठणारा पाऊस सुरू झाला. मेरीलँडमध्ये तर त्यापायी मतदानाची वेळ वाढवावी लागली. शेवटच्या दोन तासांत माझ्याकडे भरलेल्या प्रश्नपत्रिकांपेक्षा नकाराच्या रेघाच जास्त झाल्या. दिवसातून तीनदा फोन करून पेटीतले आकडे वाचून दाखवायचे. संध्याकाळी टीव्हीवर जो पहिला तक्ता झळकतो, तो अशा कोपऱ्या-कोपऱ्यांवरच्या फोनांतून तयार होतो.

नकारांचा कागद एवढ्याचसाठी असतो. म्हातारे जास्त नाही म्हणाले असतील तर ज्या म्हाताऱ्यांनी भरून दिलं त्यांचं वजन वाढवतात. पण एक गोष्ट त्या कागदावर येत नाही. एकाच वयाच्या दोन म्हाताऱ्यांपैकी कागद घेणारा आणि न घेणारा वेगवेगळ्या उमेदवाराचे असतील तर? डोळ्यांनी बघून ते कळत नाही. नोव्हेंबर २००४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत नेमकं हेच झालं. दुपारच्या आकड्यांत जॉन केरी पुढे दिसत होते. जानेवारी २००५ मध्ये सर्वेक्षण करणाऱ्यांनी स्वतःच सविस्तर अहवाल काढला. निष्कर्ष असा की केरी यांचे मतदार कागद जास्त आनंदाने घेत होते. चूक कुठे मोठी होती? विचारणारा वयाने लहान होता तिथे, आणि तो दारापासून लांब उभा होता तिथे. तो अहवाल मी २००८ नंतर वाचला आणि पार्किंगचा कोपरा आठवला.

तर न्यूयॉर्क. सँडर्स यांचा मतदार तरुण होता आणि उत्साही होता, म्हणजे कागद मागून घेणारा. क्लिंटन यांचा मतदार वयाने मोठा. रात्री ९ वाजता मतदान संपताच जो तक्ता दिसला तो मुलाखतींवर उभा होता, ५२-४८ तिथून काढलेलं. त्यानंतर काय होतं ते बहुतेकांना माहीत नसतं. नमुन्यातल्या केंद्रांची खरी मोजणी येऊ लागते, आणि सर्वेक्षणाची वजनं त्या मोजणीशी जुळवत नेतात. मध्यरात्रीनंतरचा तक्ता निकालाशी जुळतो, कारण तो जुळवलेलाच असतो. नऊ वाजताचा आणि मध्यरात्रीचा असे दोन स्क्रीनशॉट शेजारी ठेवून "बघा, आकडे बदलले" असं म्हणणाऱ्याला माझं उत्तर: हो, बदलतात. बदलण्यासाठीच असतात. निकाल ५८-४२ असताना ५२-४८ चं गणित ठेवून "तरुणांनी काय केलं" हे सांगायला गेलो तर ते उत्तर चुकेल.

मुलाला आणखी एक सांगता येईल. न्यूयॉर्कमध्ये मतपत्रिका कागदाची असते, यंत्र ती फक्त वाचतं, आणि कायद्याने ३ टक्के यंत्रांची मोजणी पुन्हा पडताळतात. गडबडीचा संशय असेल तर तपासायची जागा ती. युक्रेनमध्ये २००४ साली एक्झिट पोलने निकालावर बोट ठेवलं होतं हे खरं, पण त्यातून धडा घ्यायचा तर बेताने घ्यावा. अमेरिकेतली प्रश्नपत्रिका मोजणीतली गडबड पकडायला आखलेलीच नाही. ती लांबलचक असते, धर्म, उत्पन्न, कोणत्या मुद्द्यावर मत दिलं, केव्हा ठरवलं, सगळं विचारते, आणि प्रश्न जितके जास्त तितके नकार जास्त. त्या वर्षी ब्रुकलिनमध्ये लाखाहून जास्त नावं यादीतून उडाली होती, ती तक्रार मात्र पक्की होती. तिचा शोध यादीत घ्यायचा, एक्झिट पोलमध्ये नाही. मुलाचा राग चुकीच्या कागदावर आहे, एवढंच.

नमुन्याबद्दल एक. हजार मतदार म्हटलं की लोक लगेच "चूक अधिक-उणे तीन टक्के" म्हणतात. पण हे हजार जण राज्यभरातून एकेक करून उचललेले नसतात. तीस-चाळीस केंद्रांवरून गठ्ठ्याने येतात, आणि एका केंद्रावरचे शेजारी एकमेकांसारखे असतात. त्यामुळे खरी चूक जास्त. लहान गटांत तर फारच जास्त. फेब्रुवारी २०१६ मध्ये नेवाडाच्या कॉकसला (प्रायमरीऐवजी सभेत जमून उमेदवार निवडण्याची पद्धत), आत जाताना विचारून केलेल्या पाहणीत, लॅटिनो मतदारांत सँडर्स ५३-४५ असे पुढे दिसले. त्यावर रात्रभर चर्चा झाली. त्या आकड्यामागे लॅटिनो होते जेमतेम दोनशे, तेही पंचवीसेक ठिकाणांवरचे. राज्य क्लिंटननी घेतलं, आणि पूर्व लास वेगासच्या लॅटिनोबहुल केंद्रांचे निकाल त्यांच्याकडे झुकलेले होते. मी त्या दिवसापासून दोनशेच्या आतला गट असला की कौलाचा आकडा पेन्सिलने लिहितो.

मतटक्क्याकडे वळू.

थेट उत्तर हवं असेल तर १९८८ बघा. डेमोक्रॅट्सच्या प्रायमरींना सव्वादोन कोटींच्या वर लोक आले, रिपब्लिकनांच्या सव्वा कोटीच्या आसपास. नोव्हेंबरमध्ये थोरल्या बुशनी डुकाकिस यांना ४० राज्यांत हरवलं. आणि वर ज्या मिशिगनची बेरीज केली तिथे १९९६ ला रिपब्लिकन प्रायमरीत सव्वापाच लाख मतं पडली होती, २००० ला पावणेतेरा लाख. नोव्हेंबर २००० मध्ये मिशिगन अल गोर यांनी घेतलं. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२४ ला टक्का ६१ वरून ६६ वर गेला तेव्हाही आधी "वाढीव मतदान म्हणजे सत्ताधाऱ्यांविरुद्ध" असं छातीठोकपणे सांगणारे होते, ते तुम्हीही ऐकले असतील.

कारण साधं आहे. प्रायमरीचा मतटक्का पक्षाची ताकद दाखवत नाही, त्या दिवशीच्या लढतीतली चुरस दाखवतो. शिवाय तो अशा गोष्टींनी हलतो ज्यांचा उमेदवारांशी संबंध नसतो. जानेवारी २००८ मध्ये फ्लोरिडाच्या डेमोक्रॅट्सना पक्षाने तारीख मोडल्याबद्दल प्रतिनिधी (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे) नाकारले होते. उमेदवार प्रचाराला फिरकले नाहीत, तरी साडेसतरा लाख लोकांनी मत दिलं. त्याच दिवशी मालमत्ता कराच्या घटनादुरुस्तीवर मतदान होतं! घराचा कर म्हटल्यावर माणूस घराबाहेर पडतो. आयोवात जानेवारी २०२४ ला रिपब्लिकन कॉकसला सुमारे १ लाख १० हजार आले, २०१६ ला १ लाख ८७ हजार आले होते. बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि निकाल आधीच ठरल्यासारखा. वृत्तसंस्थांनी तर कॉकस सुरू होऊन अर्धा तास होतो न होतो तोच ट्रम्प विजयी म्हणून जाहीर केलं, तेव्हा कित्येक ठिकाणी लोकांच्या हातात अजून चिठ्ठ्या होत्या. १९८० ला पश्चिमेकडची केंद्रं उघडी असताना रेगन यांचा विजय जाहीर झाला, त्यावरून वाहिन्यांनी पुढे काँग्रेसला शब्द दिला होता की एखाद्या राज्यातलं मतदान संपण्याआधी एक्झिट पोलवरून तिथला निकाल सांगणार नाही. कॉकसला "संपणे" कशाला म्हणायचं, हा वाद तिथूनच येतो.

पद्धत बदलली तर टक्क्याची तुलनाच सोडून द्यावी. वॉशिंग्टन राज्यात २०१६ ला डेमोक्रॅट्सचा कॉकस मार्चमध्ये झाला, सुमारे २ लाख ३० हजार लोक, सँडर्स यांना ७३ टक्के. मे महिन्यात त्याच राज्यात त्याच दोघांत टपालाने प्रायमरी झाली, जिच्यावर एकही प्रतिनिधी अवलंबून नव्हता. त्यात आठ लाखांच्या आसपास मतं पडली आणि क्लिंटन ५२-४८ ने पुढे. शनिवारची सकाळ शाळेच्या हॉलमध्ये घालवायला तयार असलेले लोक आणि घरी बसून लिफाफा चिकटवणारे लोक, ही दोन वेगळी गावं आहेत.

मग टक्क्याचा उपयोग काहीच नाही का? आहे, पण तो वाट्याच्या सोबत वाचला तर. आयोवा, ३ जानेवारी २००८: डेमोक्रॅट्सचा आकडा २००४ च्या १ लाख २४ हजारांवरून २ लाख ३९ हजारांवर गेला, आणि आत जातानाच्या पाहणीत ५७ टक्के लोक म्हणाले की आम्ही कॉकसला पहिल्यांदाच येतोय. तेव्हा वाढ आणि तिची माणसं, दोन्ही डोळ्यांसमोर होतं. ओबामा ३८ टक्के मतं घेऊन जिंकले. पाच दिवसांनी न्यू हॅम्पशायरला पुन्हा विक्रमी गर्दी झाली, आणि दुपारपासूनच सगळ्यांनी गृहीत धरलं की गर्दी म्हणजे ओबामा. क्लिंटन ३९-३६ ने जिंकल्या. तिथल्या डेमोक्रॅट मतदारांत महिला ५७ टक्के, आणि त्यांच्यात क्लिंटन ४६-३४. आयोवात त्याच महिलांत ओबामा ३५-३० ने पुढे होते. गर्दी तीच, दारातून आत आलेल्यांचं मन वेगळं.

२०२० चं व्हर्जिनिया मला यापेक्षाही आवडतं, कारण तिथे एक अख्खा सिद्धान्त पणाला लागला होता. सँडर्स यांचं म्हणणं होतं की मतटक्का वाढवला की आम्ही जिंकतो, कारण नवे मतदार तरुण असतील. ३ मार्चला व्हर्जिनियात १३ लाख २३ हजार डेमोक्रॅटिक मतं पडली. २०१६ ला ७ लाख ८५ हजार होती. मतटक्का वाढला, अगदी भरघोस, आणि बायडन ५३ टक्के मतं घेऊन जिंकले. नवे लोक वॉशिंग्टनच्या आणि रिचमंडच्या उपनगरांतून आले होते. त्या वर्षी रिपब्लिकनांची व्हर्जिनियात प्रायमरीच नव्हती आणि नोंदणीत तिथेही पक्ष लिहीत नाहीत, म्हणजे एरवी पलीकडच्या रांगेत उभे राहणारेही अलीकडे आले. तीन दिवस आधी साउथ कॅरोलायनात बायडन जिंकलेले, दोन प्रतिस्पर्धी माघार घेऊन त्यांच्या पाठीशी उभे राहिलेले, आणि उशिरा ठरवणारे धावत त्यांच्याकडे गेलेले. दुसऱ्या दिवशी सँडर्सनी स्वतःच कबूल केलं की तरुणांना आणण्यात हवं तेवढं यश आलं नाही.

इथे एक सापळा आहे, त्यात मी पत्रकारांना दरवेळी पडताना बघतो. वाटा कमी झाला म्हणजे माणसं कमी झाली असं नाही. समजा तरुणांचा वाटा १६ टक्क्यांवरून १३ वर आला. ७ लाख ८५ हजारांचे १६ टक्के म्हणजे सव्वा लाख. १३ लाख २३ हजारांचे १३ टक्के म्हणजे १ लाख ७२ हजार. तरुण वाढले, फक्त बाकीचे त्यांच्याहून जास्त वाढले. "तरुण आलेच नाहीत" हा मथळा चुकीचा, आणि "तरुणांनी निवडणूक फिरवली" हाही चुकीचा.

फेब्रुवारी २०२४ च्या मिशिगनमध्ये याच्या उलट गंमत झाली. गाझाच्या मुद्द्यावर बायडन यांच्याविरुद्ध "कोणालाच नाही" या पर्यायावर लाखाहून जास्त मतं पडली. २०१२ ला ओबामा बिनविरोध असताना त्याच पर्यायावर २१ हजारांच्या आत होती. पाचपट! पण टक्क्यात पाहिलं तर १०.७ वरून १३.२. दोन्ही आकडे खरे. मोहीम चालवणारे लाख सांगत होते, बायडन यांची माणसं टक्के सांगत होती. मी त्या रात्री दोन्ही बाजूला ठेवले आणि अरब-अमेरिकनांची मोठी वस्ती असलेल्या डिअरबॉर्न शहराचा स्वतंत्र निकाल उघडला, कारण राग कोणाचा होता ते तिथेच दिसणार होतं. तिथे तो पर्याय बायडन यांच्याही पुढे होता.

आता तुमचा तिसरा प्रश्न. २०२४ पर्यंतच्या या प्रायमरींचे एक्झिट पोल चार मोठ्या वाहिन्यांसाठी एडिसन रिसर्च करत आली (तुमच्या गावाच्या नावाची, आणि न्यू जर्सीचीच). एका राज्याच्या प्रायमरीत ते हजार-दोन हजार लोकांना विचारतात. त्यात आशियाई वाटा दोन-तीन टक्के धरला तर माणसं होतात तीस-चाळीस, फार तर साठ. एवढ्यावर ते कौल छापतच नाहीत, त्या ओळीत रेघ असते. आणि ती ओळ "आशियाई" अशी, तिच्यात चिनी, फिलिपिनो, व्हिएतनामी, कोरियन सगळे. "भारतीय" अशी ओळ नाहीच, मराठी-गुजराती दूरच. व्हॉट्सॲपवरचा आकडा बहुधा मतदानाआधीच्या एखाद्या ऑनलाइन सर्वेक्षणातून उचललेला असतो, किंवा नोव्हेंबरच्या देशव्यापी तक्त्यातून, आणि त्यावर प्रायमरीची तारीख चिकटवलेली असते.

तुमच्या राज्याची आणखी एक अडचण. न्यू जर्सीची प्रायमरी सहसा जूनच्या सुरुवातीला येते, तेव्हा लढत संपलेली असते. २०१६ ला ती ७ जूनला होती आणि ६ जूनच्या रात्रीच असोसिएटेड प्रेसने क्लिंटन यांचे प्रतिनिधी पुरे झाल्याचं सांगून टाकलं होतं. वाहिन्यांनी तोवर एक्झिट पोल गुंडाळले होते, त्या दिवशी कॅलिफोर्नियासारख्या राज्यातही घेतले नाहीत.

तरी आकडा हवाच असेल तर केंद्रनिहाय निकाल काढा, भारतीय वस्तीच्या ओक ट्री रोडच्या आसपासची केंद्रं घ्या आणि शेजारी त्या केंद्रांवर किती डेमोक्रॅट, किती रिपब्लिकन, किती बिनपक्षाचे नोंदलेले आहेत ते लिहा. त्यावरून "एडिसनच्या या भागात अमक्याला इतकी मतं पडली" एवढं म्हणता येईल. "भारतीयांनी दिली" म्हणायला त्या दारातून बाहेर पडणाऱ्या दर पाचव्या माणसाला कोणीतरी विचारलेलं असावं लागतं, आणि जूनमध्ये तिथे विचारायला कोणी उभं नसतं.